सांडपाण्यावरचे गुलाब

आमच्या गावच्या कुंडाचं पाणी थंडीत कोमट लागतं, एवढीच त्याची खरी करामत. बाकीची लोकांनी त्याला चिकटवली आहे. गुडघेदुखी, खरूज, लग्न न जमणं, सगळ्यावर ते चालतं म्हणतात. रविवारी तिसगावकडून जीप भरून माणसं येतात, गोमुखाखाली डोकं धरतात, पायऱ्यांवर बसून अंगाला साबण लावतात आणि 'कुंडात साबण लावू नये' या पाटीवर टॉवेल वाळत घालतात. ती पाटी मीच रंगवून घेतली होती. तिचा उपयोग झाला नाही असं मी तरी म्हणणार नाही.

कुंडाच्या खालच्या अंगाला ग्रामपंचायतीची बाग आहे. चार सिमेंटची बाकं, एक घसरगुंडी, तारेचं कुंपण. ह्यांनी पाटबंधाऱ्याची नोकरी संपवली आणि आम्ही राहुरीहून गावी राहायला आलो, तेव्हा त्या कुंपणात फक्त शेळ्या होत्या. ह्यांनी बाग मागून घेतली. सहा वर्षं सांभाळली. रविवारची चर्चमधली उपासना आटोपली की आम्ही दोघं तसेच बागेत यायचो. एकदा आमच्या पाळकांनी जरा तिरकं विचारलं, "देवळाच्या कुंडावर तुमचं काय काम असतं?"

"पाणी घालायचं," हे म्हणाले.

तिथे गुलाब लावायची कल्पना माझी. मी राहुरीला शाळेचं ग्रंथालय सांभाळत होते, त्यामुळे माझ्या बहुतेक कल्पना छापील असतात. एका प्रवासवर्णनात परदेशातल्या गरम झऱ्यांच्या गावाची हकिकत होती. लोक तिथे न्हायला येतात, संध्याकाळी बँड वाजतो, आणि न्हाणीघरांभोवती गुलाबांचे ताटवे. मला ते फार आवडलं. मी ह्यांना म्हटलं, कुंडाचं वाहून जाणारं पाणी पाट काढून बागेत घेऊ आणि त्यावर गुलाब लावू. बँडचं नंतर बघू. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी दोरी लावून पाट आखला. बावीस कलमं आली, आणि ती अशी फुलली की जीपमधली माणसं दुखरे गुडघे विसरून त्यांच्यापुढे फोटो काढू लागली.

गेल्या माघात हे गेले. आजार तीन दिवसांचा. नंतरचे दोन महिने मी घरात पुस्तकं उघडून बसत होते, पान मात्र उलटत नव्हते. मग एका सकाळी उठले आणि बागेत गेले. गुलाबांनी माना टाकल्या होत्या. काहीतरी करायचं म्हणून पाट साफ करायला घेतला. पाटाच्या तोंडाशी एक गोणपाट कोंबलेलं होतं, वर दगड. पाणी अडून शेजारच्या ओढ्याला जात होतं. कुणीतरी कचरा टाकलाय, असं म्हणत मी दगड ढकलला, गोणपाट ओढून काढलं. पाणी खळखळत गुलाबांकडे निघालं. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट भूक लागली.

उन्हाळा सरेपर्यंत गुलाब पिवळे पडले. आधी पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, मग त्याही गेल्या. मी शेणखत घातलं, कडुनिंबाचं पाणी फवारलं. देवळाली प्रवऱ्याच्या रोपवाटिकेतून एक औषध आणलं. पावसात जरा तरतरी आली आणि पुन्हा गेली. श्रावणात सरपंचबाई आल्या. राहुरीला शाळेत असताना त्या माझ्याकडून पुस्तकं न्यायच्या आणि उशिरा परत करायच्या, त्यामुळे अजून मला जरा दबकून असतात.

"बाई, राग मानू नका. पण लोक म्हणतात, वाळल्या काटक्यांपेक्षा पेव्हर ब्लॉक टाका. जीप लावायला जागा होईल. ब्लॉकना पाणी लागत नाही, रोग पडत नाही."

"वासही येत नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या. "दिवाळीपर्यंत थांबते. बाग हिरवी दिसली तर ग्रामसभेत मी तुमच्या बाजूनं बोलीन. नाही दिसली तर मला बोलताच यायचं नाही."

ह्यांच्या हाताचं आता तेवढंच उरलं होतं. कपडे देऊन टाकले होते, चष्मा खोक्यात गेला होता. बागेवर जीप उभ्या राहिल्या असत्या तर मी त्या रस्त्यानं पुन्हा गेले नसते.

कुंड घासायला ग्रामपंचायतीनं एक मावशी ठेवल्या आहेत. दर सोमवारी बूच काढून कुंड रिकामं करायचं, विटेच्या तुकड्यानं पायऱ्या घासायच्या, हे त्यांचं काम. सरपंचबाई गेल्या तशा त्या खराटा टेकवून माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, एक इचारू? ते गोनपाट तुमी काहून काढलं?"

"कचरा होता तो."

"कचरा कशाचा! सायबांनी सोताच्या हातानं कोंबलं हुतं. साबनाच्या पान्यानं गुलाब जळतेत, म्हनून."

मला कळेना. "मग गुलाबांना पाणी कुठलं?"

"गोमुखाचं. दिस उगवायला, मान्सं यायच्या आदी. दोन बादल्या घ्यायचे अन् खेपा घालायचे. रविवारी तुमी येनार म्हनून पाटबी वला करून ठेवायचे. म्या म्हनलं, सायेब, बाईंना सांगा की, पाट बुजवून टाकू. तर म्हनले, न्हाई, पाट तिनं सांगितलाय."

मी बाकावर बसले. हे रोज पहाटे फिरायला जायचे. परत आले की चहा व्हायच्या आत खुर्चीतच डुलकी घ्यायचे. मी म्हणायचे, या वयात इतकं कशाला चालता? हे म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय.

"तुम्ही पाहिलंत मला गोणपाट काढताना. बोलला का नाहीत?"

"तुमी शिकलेल्या. म्हनलं, पुस्तकात काय नवीन निघालं आसंल."

दुसऱ्या दिवशी मी गोणपाट परत कोंबलं आणि बादल्या उचलल्या. अकरा दिवस. कुंडाचं पाणी गुडघ्यांना चांगलं असेलही, पण ते वाहून नेणं चांगलं नाही. बाराव्या दिवशी मी सहाव्या खेपेला पायरीवर बसले आणि उठता येईना. मावशींनी हात दिला आणि तोंडही सोडलं.

"तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई हे. अन् मला सांगा, न्हानीम्होरं कुनी गुलाब लावतं का? तुमच्या आईनं लावलं हुतं?"

आमच्या न्हाणीपुढे अळू होतं. मोरीच्या पाण्यावर हत्तीच्या कानाएवढी पानं व्हायची. कडेला कर्दळ, कोपऱ्यात केळ. या भागातल्या कुठल्याही घरामागे हेच असतं. त्याला कुणी बाग म्हणत नाही, म्हणून ते पुस्तकात नसतं, आणि म्हणून मला सुचलं नव्हतं.

"गुलाब काढावे लागतील," मी म्हटलं.

"काढावं लागंल," मावशी एकदम हळू बोलल्या. "पर बाग ऱ्हाईल."

मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन गेले. पहिला मी काढला, पुढचे मावशींनी. मुळं काळी पडली होती. पाच झाडांत जीव होता, ती आसपासच्या बायकांनी मागून नेली. एकीनं आधी रंग विचारला आणि पिवळा आहे म्हटल्यावर ठेवून दिला. तो मग दुसरीनं नेला. मावशी घरोघर फिरून कर्दळीचे कंद, अळूचे गड्डे आणि केळीची पिलं घेऊन आल्या. गोणपाट काढलं. साबणाचं पाणी फेसासकट बागेत आलं आणि अळूनं ते असं प्यायला घेतलं, जणू इतकी वर्षं कुणी बोलावलंच नव्हतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सरपंचबाई आल्या. कर्दळ छातीएवढी झाली होती, लाल, पिवळी, ठिपक्यांची. तिच्याआड ओली लुगडी बदलायला बायकांना आपोआप आडोसा झाला होता, आणि त्या तिथून हलायला तयार नव्हत्या. सरपंचबाईंनी वडीसाठी अळूची पानं खुडून पदरात घेतली.

"पेव्हर ब्लॉक एसटीच्या थांब्यावर टाकू," त्या म्हणाल्या. "बाई, हे कुणी सुचवलं?"

"मावशींनी. आधीचा पाट माझा होता. गुलाबांना ते पाणी चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. ह्यांना होतं."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. सरपंचबाई पदरातली पानं सारखी करू लागल्या. मावशींनी मात्र खराटा आपटला.

"घ्या! सायबांनी बादल्या वाहून वाहून सा वर्सं झाकलं, अन् तुमी एका दमात समद्या गावाला सांगितलं!"

पायऱ्यांवरच्या बायका हसल्या. मीही हसले. हे गेल्यापासून इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच.