देवापुढचा पाना

घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या मुलीला सासरी ट्रॅक्टर चालवायला शिकवतात, हे माझ्या आईच्या गळी कधी उतरलंच नाही. "पोरीला शेणात घातली," असं ती शेजारणींना सांगायची. खरं तर शेणात सासरे असायचे. मी नुसती ट्रॅक्टरवर बसलेली असायचे.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. बोरिवलीला डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा घोड्यांची एक वाडी होती. वरातीच्या घोड्या, शूटिंगला जाणारे दोन काळे घोडे, आणि रेसमधून निवृत्त झालेली काही म्हातारी जनावरं. वाडीच्या मालकांना सगळे शेठ म्हणायचे. सासरे त्यांच्याकडे ट्रॅक्टर चालवायला होते आणि आमच्या दोन खोल्या तबेल्याला लागूनच होत्या. नवरा मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. उन्हाळ्यात लग्न होऊन मी तिथे आले आणि पहिले काही दिवस माझ्या साडीला, केसांना, भाताला, सगळ्याला घोड्यांचा वास यायचा. मग यायचा बंद झाला, म्हणजे मला कळायचा बंद झाला.

ट्रॅक्टरची कामं संपता संपत नसत. लीद ट्रॉलीत भरून मागच्या खड्ड्यावर न्यायची, गवताचे भारे आणायचे, पाण्याची टाकी ओढायची. आणि रोज सकाळी रिंगणात फळी फिरवायची. रिंगण म्हणजे घोडे पळवायची लांबट गोल मातीची वाट, दोन्ही अंगांना बांबूचं कुंपण. टापांनी उखळलेल्या मातीत घोड्याचा पाय मुरगळतो, म्हणून ट्रॅक्टरमागे जड लाकडी फळी बांधून ती माती सारखी करावी लागे. त्या घसटत्या फळीला एकदा एक घोडी बुजली होती. तेव्हापासून सासऱ्यांचा नियम होता, की ट्रॅक्टर रिंगणात आला की चालवणाऱ्याने हात वर करायचा आणि बाकी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. शेठ स्वतः घोड्यावर असले तरी निमूट लगाम खेचायचे.

ट्रॉलीतून गवत टाकायला एक माणूस आणि पुढे चालवायला एक, अशी दोन माणसं लागत. सासूबाईंनी ट्रॅक्टरवर चढायला कधीच नकार दिला होता, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. सासऱ्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मागून सारखे ओरडायचे. "हळू गो, हळू! घोडे कानान बघतत!" दुसरा गिअर टाकला तर अंगावर धावून येतील की काय असं वाटायचं. अख्ख्या मुंबईत इतका सावकाश माणूस दुसरा नसेल अशी माझी खात्री होती. चहासुद्धा ते बशीत ओतून, फुंकर मारून, विचार करून प्यायचे.

आणि या घरात एक शर्यतीची गाडी होती! एका भंगारातल्या टॅक्सीचा सांगाडा, त्याला दुसरीकडचं इंजिन, दारांच्या जागी पत्रा. नवरा दर रविवारी तिच्याखाली आडवा. शेठना मोटारींचा भारी नाद होता. दसऱ्याला दुपारी त्यांचे हौशी दोस्त आपापल्या ठोकून-ठाकून बनवलेल्या गाड्या घेऊन वाडीवर यायचे. घोडे आत बांधायचे, आणि रिंगणात एकेकाने गाडी पळवायची. शेठ घड्याळ लावून बसायचे. बक्षीस म्हणून एक नारळ. नारळासाठी माणसं जीव धोक्यात घालतात हे मला तिथे कळलं.

दसरा जवळ आला तशी माझी झोप उडाली. नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुम्हाला काही झालं तर?" तर ते हसले आणि म्हणाले, "मला काय होतंय?" बेपर्वाई बघा! मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

खंडेनवमीच्या सकाळी गाडीचं पुढचं डावं चाक पंक्चर काढून आलं. ह्यांनी ते चढवलं, नट हाताने फिरवून बसवले आणि जॅक खाली घेतला. आता पान्याने आवळायचे, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात सासूबाई परात घेऊन आल्या. आमच्या घरची रीत कडक होती. नवमीला सगळी हत्यारं देवापुढे मांडायची, आणि दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून होईपर्यंत त्यातलं एकही उचलायचं नाही. वर्षभर राबतात, दोन दिवस त्यांनाही विसावा हवा. सासूबाईंनी पाने, पकडी, हातोडे, नाल ठोकायची हत्यारं, ट्रॅक्टरचा लांब पाना, सगळं परातीत भरलं.

"आई, पाच मिनिटं," हे म्हणाले.

"एक मिनिट नाय. सोना लुटल्याबिगर पान्याक हात लावूचो नाय."

फिटर माणूस, वर्कशॉपमध्ये चार जणांना कामाला लावणारा, आईपुढे हात पुसत बाजूला झाला. पण रात्री जेवताना मला हळूच म्हणाले, की मरोळचा दोस्त उद्या त्याचा पाना घेऊन येतोय. दुसऱ्याच्या घरचा पाना आपल्या देवाच्या ताब्यात थोडाच असतो! या पळवाटेवर ते भलतेच खूश होते. सासऱ्यांना यातलं काही सांगायचं त्यांना सुचलं नाही. मलाही वाटलं, मिटलं एकदाचं.

दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. दुपारी गाड्या आल्या, धूर, आरडाओरडा, जिलेबी. मी कुंपणाशी उभी. दोस्ताचा पत्ता नव्हता, म्हणून हे त्याला बघायला रस्त्यावरच्या फाटकापर्यंत गेले होते. आमची गाडी शेवटी होती, त्यामुळे घाई नव्हती. पण पहिल्या गाडीने सुरू व्हायलाच नकार दिला आणि शेठ ओरडले, "तुमची आणा रे आधी!"

आणि सासऱ्यांनी डोक्यावर हेल्मेट चढवलं.

मला वाटलं गंमत करतायत. धोतराचा काचा मारलेला, वर बंडी, वर ते लाल हेल्मेट. पत्र्यावरून पाय टाकून ते आत बसले, पट्टा बांधला, आणि गाडी अशी काही डरकाळली की तबेल्यातले घोडे खिंकाळले. दुसऱ्या गिअरवरून मला फाडून खाणारा हा माणूस!

मी धावत घरात गेले. सासूबाई देवापुढे मांडी घालून बसल्या होत्या. शर्यत बघायला त्या कधी जात नसत.

"आई! बाबा गाडीत बसले! बाबाच!"

"मगे?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघून हसत सुटल्या. "तुका कोणी सांगूक नाय? दरवर्साक तेच चलयतत. तुझ्या घोवाक रिक्षात बसला तरी ओकारी येता."

मी तशीच उभी. एवढे दिवस ज्याच्यासाठी काळीज कुरतडत होतं तो माणूस फाटकाशी उभा राहून दोस्ताची वाट बघत होता, आणि रिंगणात फिरत होते ते बशीत चहा पिणारे आमचे बाबा. हसावं की रडावं कळेना. मी खाली बघितलं.

पाटावर चाकाचा पाना होता. नवमीला ठेवला तसाच. त्याच्या तोंडाशी सासूबाईंनी लावलेलं कुंकू जसंच्या तसं, वर अक्षता, एक दाणा हललेला नव्हता. शेजारी ट्रॅक्टरचा लांब पाना, त्यावरही तेच. आणि दोस्त तर अजून यायचाच होता.

"आई, पुढचं चाक कोणी आवळलं?"

सासूबाईंचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्यांनी पान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी बाहेर पळाले. ओरडले, पण त्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार? शेठचे दोस्तही ओरडतच होते, टाळ्या पिटत. सासरे पहिली फेरी सावकाश घेत होते. माती बघत होते, रोज बघायचे तशी. पुढची फेरी सावकाश नसणार हे मला कोणी सांगायला नको होतं. दारात ट्रॅक्टर उभा होता. मी चढले, सुरू केला, लिंबू चिरडलं आणि निघाले.

ट्रॅक्टर तो ट्रॅक्टर! कितीही दाबला तरी म्हशीच्या चालीने चालणार. तिसरा गिअर टाकला, आयुष्यात पहिल्यांदा. झेंडूची माळ तुटून तोंडावर आपटत होती. रिंगणाचं तोंड येईपर्यंत त्यांनी वेग घेतला होता. मी आत शिरले, वाटेच्या एका कडेला ट्रॅक्टर घेतला आणि हात वर केला.

पलीकडच्या वळणावरून ती गाडी माझ्या दिशेने आली. शेठचे दोस्त शिव्या घालत होते, "अरे हिला बाजूला घ्या रे, वेडी झाली काय!" मी हात खाली घेतला नाही. मला एवढंच ठाऊक होतं, की नियम त्यांचा आहे आणि तो त्यांनी कधी मोडलेला नाही.

त्यांनी ब्रेक मारला. गाडी थोडी मंदावली, आणि डावं चाक सुटलं. मी ते सुटताना बघितलं. चाक एकटंच पुढे आलं, माझ्या शेजारून उड्या मारत गेलं, बांबू मोडून तबेल्याच्या भिंतीवर आदळलं. गाडीचं नाक मातीत घुसलं, ती गर्रकन फिरली आणि धुळीत दिसेनाशी झाली. माझा हात वरच होता. खाली घ्यायचं भान नव्हतं.

धूळ बसली तेव्हा गाडी माझ्यापासून दोन घोडे उभे राहतील एवढ्या अंतरावर होती. सासरे बाहेर आले. हेल्मेट काढलं. चाक नसलेल्या जागेकडे बघितलं, मग ट्रॅक्टरच्या मागे बघितलं, आणि मला म्हणाले, "फळी लावूक नाय?"

खरंच, फळीशिवाय ट्रॅक्टर रिंगणात येतो कशाला? बिचाऱ्यांचं डोकं अजून तिथेच अडकलं होतं. मग ते मातीतच बसले. मी ट्रॅक्टरवरच रडायला लागले.

फाटकाकडून हे धावत आले, पांढरेफटक. आणि घराकडून सासूबाई आल्या. अनवाणी, पदर सुटलेला, हातात पाना. सोनं लुटायच्या आधी, देवापुढचा उचलून आणलेला पाना! चाक आवळायला आल्या होत्या. आवळायला आता चाक कुठे होतं? त्या सासऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, पाना छातीशी धरून, आणि त्याचं सगळं कुंकू त्यांच्या पातळाला लागलं. सासऱ्यांनी त्यांच्या हातातून तो सोडवून घेतला. त्याला बराच वेळ लागला.

त्या दसऱ्याला सोनं लुटलं गेलं, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शर्यत तिथेच थांबली. नारळ शेठनी माझ्या हातात दिला. त्याची मी चटणी केली आणि ती कोणालाच गोड लागली नाही.

पुढच्या खंडेनवमीला सासूबाईंनी पुन्हा पाट मांडला. पकडी, हातोडे, नाल ठोकायची हत्यारं, सगळं जागच्या जागी. फक्त चाकाच्या पान्याच्या जागी त्यांनी एक सुपारी ठेवली, हजर नसलेल्या माणसाच्या नावाने ठेवतात तशी, आणि तिला हळदकुंकू वाहिलं. पाना बाहेर खिळ्यावर टांगलेला होता, कोणाचाही हात पोचेल असा. मी तिकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"देवाक सुपारी चलता गो," त्या म्हणाल्या. "चाकाक पानोच व्हयो."