दोरीवाला ‘सर’ म्हणाला तेव्हा

पाल दिसली तरी आमचा मामा पलंगावर चढतो. असा माणूस पोटासाठी धरणाच्या तळाशी उतरतो, हे मामीला अजूनही पटलेलं नाही. धरणाच्या भिंतीत पाणी आत घेणारी लोखंडी जाळी असते. तिच्यात अडकलेले ओंडके आणि गाळ काढायचा, हे त्याचं काम. डोक्यावर हेल्मेट, त्याला हवेची नळी आणि फोनची तार. वर काठावर ती नळी दोरीसारखी धरून त्याचा जोडीदार बसतो. मामा त्याला दोरीवाला म्हणतो. दोघांच्या भाषा वेगळ्या, त्यामुळे सगळा संसार मोडक्या इंग्रजीवर.

त्या इंग्रजीवरून मामा वरची हवा ओळखायचा. ‘नो वरीज’ म्हणजे स्वारी निवांत चहा पितेय. ‘इट्स ओके’ म्हणजे जरा थांब, बघतो. ‘डोन्ट वरी’ आलं की समजायचं, काळजी करण्यासारखं काहीतरी नक्की आहे. बाकी मामाच्या सुटलेल्या पोटावरून टिंगल चालूच.

त्या दिवशी खाली मिट्ट काळोख होता. मामा हातांनी जाळी चाचपत होता आणि पाणी सरकायला लागलं. जाळीमागचा दरवाजा बंद हवा होता. कुठल्याशा शहाण्याने न विचारता तो उघडला होता. मला तो भेटला असता तर उभा सोलला असता! पाण्याने मामाचा पाय दोन गजांमध्ये गुडघ्यापर्यंत ओढून नेला.

“लेग! माय लेग!” मामा ओरडला.

तारेवरून सावकाश, पाठ केल्यासारखा दोरीवाल्याचा आवाज आला, “सर, प्लीज रेस्ट अशुअर्ड.”

मामाच्या काळजाचं पाणी झालं. सर? रोज अरे-तुरे करणाऱ्याने एकाएकी अहो-जाहो करावं तसं झालं. वर ते साहेबी पत्रातलं ‘आपण निश्चिंत असावे’! इतक्या आदबीने लोक मेलेल्या माणसाबद्दलच बोलतात.

“टेल मी,” मामा म्हणाला.

“सर, एव्हरीथिंग इज अंडर कंट्रोल.” त्या आवाजामागे पळापळ ऐकू येत होती, आणि नळी वरून ताणली जात होती.

मामा सांगतो, भीतीने त्याचे दात वाजत होते. पण वरचा घाबरलेला हात आता नळी खेचणार, ती गजाला घासून फाटणार, हेही त्याला दिसत होतं. मग तोच तारेवर म्हणाला, “नो वरीज.”

पलीकडे हुंदका फुटला. नळी सैल पडली.

दरवाजा बंद झाला तसं पाणी थांबलं आणि पाय सुटला. मामाला वर काढल्यावर दोरीवाल्याने त्याचं हेल्मेट उतरवलं, पाय चाचपला, बोटं हलताना पाहिली. मग स्वतःच्या भाषेत त्याने मामाच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की काठावरची माणसं मागे सरली. मामाला एक अक्षर कळलं नाही. पण आपण वाचलो, हे कळलं, आणि तो तिथेच त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.