चुकून सुमीला मारलेली हाक

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मान खाली घालायला नको. शहापूरजवळच्या आमच्या सापगावात, भातसा नदीच्या पात्रात उभं राहून, आठ-दहा बायकांच्या देखत मी इंग्लंडात शिकणाऱ्या माझ्या मुलीला हाक मारली. पत्र नाही, फोन नाही... हाक! तोंडाशी दोन्ही हात धरून, गळ्याच्या शिरा ताणून. बायका पंधरा दिवस हसत होत्या. त्यांचं काही चुकलं नाही.

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. मी बालवाडीची बाई. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जायला घाबरणाऱ्यांना मीच हाताला धरून पलीकडे न्यायचे. पन्नाशीला टेकले होते आणि गावात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. आता नातवंडं झाल्यावर ती समजूत बरीच उतरलीय – पण तेव्हा... विचारू नका.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी थोरली, सुमी, स्कॉलरशिप मिळवून दोन वर्षांसाठी तिकडे गेली. दर रविवारी संध्याकाळी शहापुरात माझ्या भावाच्या घरी तिचा फोन यायचा, पाच मिनिटांचा. बाकी सगळं पत्रातून. चौघींत एक स्वयंपाकघर, फ्रीजमध्ये प्रत्येकीचा एकेक कप्पा आणि दुधाच्या बाटलीवर स्वतःचं नाव लिहायचं. "नाव नाही लिहिलं तर कुणीही पितं गं आई!" कपडे धुवायच्या मशीनमध्ये नाणी टाकायची. खोलीशेजारी राहणारी एलेनी नावाची ग्रीक मुलगी आपली लसणाची चटणी चमच्याने खाते आणि वर डोळे पुसते... हे वाचून मी पुढच्या पार्सलात दुप्पट चटणी पाठवली.

शनिवार-रविवार आला की ह्या दोघी पाठीला पिशव्या लावून स्वस्तातली बस पकडायच्या. सोबत चपातीच्या गुंडाळ्या. मग फोटो यायचे – तेच लाल जाकीट, तेच दात, मागे एक चर्च. दर वेळी चर्च वेगळं असतं असं ती म्हणायची. मी उलट टपाली लिहिलं, "तू शिकायला गेलीस की तीर्थयात्रेला?"

आणि एक गोष्ट मी तोंडपाठ केली होती. विलायतेचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. आळीत कुणीही विचारावं, "वैनी, आता सुमी काय करत असंल?" की मी आभाळाकडे बघून, बोटांवर मोजून सांगणार, "आता उठली. आता दात घासते." फार भाव खाल्ला मी त्या साडेपाच तासांवर.

मार्च संपत आला की आमच्याकडे बायका वर्षाच्या गोधड्या धुवायला नदीवर जातात. त्या रविवारी आम्हीही गेलो होतो. सकाळी धुऊन पात्रातल्या खडकांवर गोधड्या वाळत घातल्या, भाकऱ्या खाल्ल्या, सावलीला बसलो. शेजारच्या यशोदाने आपली गोधडी पार मधल्या खडकावर टाकली होती – तिथे ऊन चांगलं लागतं म्हणून. तिच्या आईच्या लुगड्यांची गोधडी होती ती. आई गेल्यावर यशोदाने स्वतः शिवलेली.

वर धरण. त्यातून पाणी वाढवलं की नदी आवाज न करता चढते. ज्याला आधी दिसेल त्याने हाक द्यायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. हाकही ठरलेली: आधी नाव, मग "भायेर ये गोऽऽ, पानी आला!" सुमी लहानपणी नदीवर डुंबायची, तेव्हा मी तिला हजार वेळा ही हाक दिली असेल.

यशोदा गोधडी उलटायला मधल्या खडकावर गेली होती. पुलावरून दीडची एसटी दहा मिनिटं आधीच चालली होती, म्हणून मी मान वर करून पाहिलं. तो ड्रायव्हर कधी थांबेल तर शपथ. आणि मान खाली करते तर मधले दोन दगड पाण्याखाली गेलेले. मी ताडकन उठले आणि ओरडले –

"सुमेऽऽ गो! मागं फिर! पानी आला!"

यशोदाने वर पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं, की सुमी कुठे आहे! तोवर पाणी तिच्या गुडघ्याला. मग सगळ्याच जणी "यशोदे, यशोदे" करून ओरडलो, ती कमरेपर्यंत भिजून धडपडत काठाला आली. गोधडी मात्र गेली. वळणापर्यंत तरंगताना दिसली, मग नाही.

आधी सगळ्या घाबरल्या. मग हसू फुटलं.

"वैनी, सुमी तं विलायतेला हाय! तिकडून यील का ती यशोदेला काढायला?"

"आन् मागं फिर म्हंजे कुठं गो? पल्याडच्या काठाला?"

हे मात्र खरं होतं. नदीतून बाहेर यायचं असतं, मागे कसलं फिरायचं? चुकीचं नाव एक वेळ समजू शकते, जिभेला सवय असते. पण "मागं फिर" मी जन्मात कधी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटलं, उन्हाने डोकं फिरलं असेल.

यशोदा नाही हसली. ओलं लुगडं पिळत एवढंच म्हणाली, "माझा नाव घेतला असतात तं आयची गोधडी वाचली असती." त्यानंतर नऊ महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताक मागायला यायची, पण दारातूनच.

सुमीचा फोन त्या रविवारी आला नाही. फिरायला गेली की नाही यायचा, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पुढच्या रविवारी आला, तो नेहमीपेक्षा तासभर लवकर. "मजेत आहे. पाय जरा भिजले होते, बाकी काही नाही." तेव्हापासून पार दिवाळीच्या सुमारापर्यंत फोन तासभर लवकरच यायचा. मी भावाला म्हटलं, पोरगी सुधारली बरं का!

डिसेंबरात ती सुट्टीला घरी आली. एका दुपारी आम्ही दोघी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, रागावणार नसलीस तर एक सांगते."

मार्चमधली सहल, फोन आला नव्हता त्या रविवारची. किनाऱ्यापासून जरा आत एक छोटं बेट. ओहोटी लागली की वाळू उघडी पडते आणि चालत जाता येतं. काठावर पाटी असते, अमुक वाजायच्या आत पलीकडे पोचा. त्या दिवशी पाटीवर नऊ लिहिलेलं. दोघी भरपूर वेळ आहे म्हणून रमतगमत निघाल्या. निम्म्या वाटेवर धुकं आलं. बेट अंधुक दिसत होतं, आलेला काठ दिसेनासा झाला. एलेनी म्हणाली, पुढे चल, बेट जवळ आहे.

"आणि मला तुझी हाक ऐकू आली," सुमी म्हणाली. "मागून. अगदी तुझी. 'सुमे गो, मागं फिर, पानी आला.' मी एलेनीचा हात धरून ओढतच मागे आणलं तिला. ती म्हणत होती, कुणी नाही ओरडलं, तुला भास झाला. काठाला लागलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, पुढे बेटाजवळ खोल चर आहे, भरती आधी तिथे भरते. गेला असतात तर..."

नदीवरची गोष्ट मी तिला कळवलीच नव्हती – स्वतःची फजिती पत्रात कोण लिहील? ती आत्ता सांगितली. सुमीने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

पण मी कसली गप्प बसते! बालवाडीची बाई ना मी. म्हटलं, "किती वाजले होते तेव्हा?"

"नऊला दहा कमी."

मी बोटांवर मोजलं. साडेपाच तास मिळवले. "दोन वाजून वीस! हट्, तेव्हा मी घरी पेज पीत होते. माझी हाक दीडच्या एसटीची. ती गेली एक-वीसला. तासाचा फरक आहे. भासच तुझा!"

इतकी खूश झाले होते मी. स्वतःच्या मुलीचा जीव वाचवल्याचं श्रेय नाकारताना इतकी खूश झालेली आई जगात दुसरी नसेल.

सुमी शांतपणे म्हणाली, "अगं आई, त्याच्या आदल्याच रात्री त्या देशाने घड्याळं तासभर पुढे केली होती. उन्हाळ्यात करतात. आम्ही दोघी विसरलो, आमच्या मनगटावर आठलाच दहा कमी होते, म्हणून तर अडकलो. त्या दिवसापासून फरक साडेचार तासांचा... माझा फोन लवकर येत नव्हता का?"

मी पुन्हा बोटांवर मोजलं. एक वाजून वीस.

त्यानंतर बरंच काही करून पाहिलं मनातल्या मनात. म्हटलं, लहानपणीची हाक आठवली असेल तिला. पण लहानपणी मी "भायेर ये" म्हणायचे. "मागं फिर" ही हाक आयुष्यात एकदाच दिली, आणि ती कुणाच्याच कामाची नव्हती – नदीवरच्या तरी. आज माझ्या नातवंडांना घेऊन सुमी दर मे महिन्यात येते, आणि मला अजूनही ह्याचा उलगडा सांगता येत नाही. विश्वास आहे का विचाराल, तर नाही. पण एक-वीस ते एक-वीसच.

त्याच संध्याकाळी मी उठून यशोदाकडे गेले. ती चुलीशी होती. मी दारातच बसले आणि सगळं सांगितलं, हाक, वाळू, घड्याळ. तिने लाकूड आत सारलं, हात पदराला पुसले, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली,

"बरा झाला वैनी, तुमी माझा नाव नाय घेतलात. माझी काय, गोधडीच गेली."