केसरसिंगचा रुमाल

"वर्षाताई, तुमचा खलनायक फारच गोड झालाय," अनघा मॅडम फोनवर म्हणाल्या. "वाचक त्याचं लग्न कधी, असं विचारतायत."

मॅडम आमच्या संपादक, पुण्यात बसतात. मी सारंगखेड्याला, घोड्यांच्या बाजाराच्या गावी, बसून त्यांच्या मराठी मांगा मालिकेची चित्रं काढते. मांगा म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा. मोठे डोळे, काळी शाई, रंग नाही. जपानी लोक ती उजवीकडून वाचतात, आम्ही आपली सरळ डावीकडून छापतो.

आमची नायिका घोड्यांच्या बाजारात वाढलेली मुलगी आहे आणि खलनायक आहे केसरसिंग दलाल. तो कधी खोटं बोलत नाही, फक्त खरं पूर्ण सांगत नाही. घोडा विकला की त्याच्या मानेला मिठी मारून रडतो. सारखा हातातला रुमाल हवेत फिरवत बोलतो. त्या रुमालावर तर पोरी फिदा.

"पुढच्या अंकात त्याने काहीतरी धड वाईट करायला हवं," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मालिका बंद करू म्हणतायत वरचे. सोमवारी पानं द्या."

मालिका बंद म्हणजे माझं कामच बंद. पानं काढायला बसले.

वाईट काम मला लगेच सुचलं. आमच्याकडे घोडा घेताना माणसं त्याच्या अंगावरचे भोवरे बघतात. भोवरा म्हणजे केस गोल फिरतात ती जागा. काही भोवरे शुभ मानतात. डोळ्याखालचा अशुभ, तो मालकाला रडवतो म्हणतात. घोडा कितीही चांगला असो, तसला भोवरा दिसला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. म्हणून मी केसरसिंगला हातात वस्तरा दिला. त्याने घोडीचा डोळ्याखालचा भोवरा तासला आणि ती नायिकेच्या बापाला विकली.

पानं वाळायला ओसरीवर ठेवली होती. आप्पा चहा घेऊन तिथेच बसले. आप्पा म्हणजे माझे वडील. शेती करून हौसेने घोड्यांची दलाली केलेले. मालिका ते नेमाने वाचतात आणि दर अंकाला खलनायकाची वकिली करतात.

"हाऊ केसरसिंग वाईट माणूस नही शे," हे त्यांचं ठरलेलं. त्या दिवशी मात्र ते पानाकडे बघतच राहिले. चहावर साय आली.

"हाई चूक शे," अखेर म्हणाले. "वस्तरा लावा ते चामडी दिखस. गूळनं पानी लावतस. केस चपटा बसी जातस, भवरा दिखस नही."

मी पेन्सिल घेऊन लिहून घेतलं. अशी माहिती पुस्तकात मिळत नाही.

"पन मंग गूळवर माश्या येतस," आप्पा पुढे म्हणाले. "म्हनीसन रुमाल फिरावना पडस."

माझी पेन्सिल थांबली. केसरसिंगचा रुमाल मी आप्पांवरूनच घेतला होता. लहानपणापासून बाजारात त्यांना तसंच बोलताना पाहिलं होतं. मला वाटायचं, काय ऐट आहे आमच्या आप्पांची!

"आप्पा, कोनाले इकी ती घोडी?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "रतनशेठले."

रतनशेठ म्हणजे शहाद्याचे कापडवाले, आप्पांचे जुने दोस्त. आप्पा दर गुरुवारी त्यांच्या दुकानात चहाला जातात. शेठ एका पायाने लंगडतात. घोडीवरून पडले, हे मला ठाऊक होतं. कोणत्या घोडीवरून, ते आत्ता कळलं.

"मी भवरा मानस नही," आप्पा म्हणाले. "घोडी बेस व्हती. पन शेठ मानस ना. आनि घर नेताच पडना."

मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. इतकी वर्षं हा माणूस दर गुरुवारी तो पाय बघत चहा पीत होता. मी म्हटलं, शेठही मालिका वाचतात, हे पान बघून ओळखणारच. छापून कळण्याआधी तुम्हीच सांगा. नाहीतर मी पान बदलते, मालिकेचं काय व्हायचं ते होवो.

आप्पांनी टोपी घातली. "गाडी काढ."

दुकानात शेठ गादीवर बसले होते. आप्पांनी पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. आयुष्यात प्रथमच त्यांचा रुमाल खिशात होता.

शेठनी चष्मा लावून पान नीट पाहिलं. "पोरी, घोडीनी मान झकास काढी तू," मला म्हणाले. मग आप्पांकडे वळले. "माले ते पहिलाच दिन समजनं. घोडीना गालवर माश्याच माश्या! धुई काढा, ते भवरा दिखना."

"मंग बोलना कसाले नही?"

"घोडी आवडी गयी व्हती. तू परत लई गया असता. आनि माले देखनं व्हतं, तू कव्हा सांगस. म्हनीसन ते चहा पाजी ऱ्हायनू."

आप्पांचे डोळे भरले. मीही दुसरीकडे बघितलं. मग आप्पांनी हळूच विचारलं, "आनि तुन्हा पाय?"

शेठ जरा चुळबुळले. "मी ते दुकानना जिनानी पायरीवरतून पडनू. पन घोडीवरतून पडनू सांगं म्हंजे जरा शोभस."

आप्पा उठले. चहा येत होता, त्यासाठीही थांबले नाहीत.

सोमवारी मी पानं पाठवली. वस्तरा काढून गुळाचं पाणी घातलं. शेवटच्या चौकटीत नायिकेचा बाप घोडीचा गाल धुतो, भोवरा बघतो आणि गालातल्या गालात हसतो. मॅडमनी फोन केला. "ताई, पण मग यात खलनायक कोण?" मी म्हटलं, तेच मलाही कळेना. अंक चालला. मालिका चालू आहे. आता वाचक त्या बापाबद्दल विचारतात.

एवढं मात्र शिकले की खलनायक घरातला घ्यावा. चित्रातल्या चुका तो स्वतःच दुरुस्त करून देतो.

आप्पा पुढचे दोन गुरुवार शहाद्याला गेले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी शेठच लंगडत आमच्या ओसरीवर आले. आप्पांनी पाठ फिरवली आणि मला म्हणाले, "चहा दे त्याले. पन सांगी दे, मी त्यान्हासंगे बोलाव नही. इतला वरीस मन्हासंगे खोटं बोलना!"