घासाघिशीची मजा

मालवणच्या बाजारात गेल्या थंडीत एक गोरा रोज दिसायचा. समुद्राजवळ घर भाड्याने घेऊन राहिलेला, गळ्यात पंचा, पायांत आपल्याकडच्या चपला. मालवणी बऱ्यापैकी शिकला होता, पण घासाघिशीपुरतीच. ‘माका परवडणा नाय’ हे वाक्य तो छातीवर हात ठेवून इतक्या दुःखाने म्हणायचा की नवखा माणूस फसावा. दराची पाटी लावलेल्या हॉटेलात मात्र हाच माणूस मुकाट्याने पैसे देऊन वर टिप ठेवायचा. त्याची सगळी कसरत जमिनीवर पोतं अंथरून बसणाऱ्या बायकांसाठी राखलेली.

एकदा मी एका म्हातारीकडे आमसुलं घ्यायला थांबलो होतो. माझ्या आधी हा तिच्यासमोर उकिडवा बसून हुज्जत घालत होता. तिने दोनदा भाव उतरवला, तरी याचं समाधान होईना. ऊन चढलं, मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी तिने आमसुलांची पुडी त्याच्या हातात कोंबली.

“ने रे बाबा, फुकट ने. पण आता ऊठ हयसून.”

त्याचा चेहराच पडला. पुडी खाली ठेवत तो म्हणाला, “फुकट नको. त्येच्यात मजा नाय.”

मला त्याची किळस आली. आमसुलं त्याला नकोच होती. त्याला फक्त तिला हरवायचं होतं.

“माझ्या पोटाचो खेळ केलंस रे मेल्या!” म्हातारी ओरडली.

‘मेल्या’ हा शब्द बहुधा त्याच्या शिकवणीत आला नसावा. त्याने हसत हात जोडले आणि तिच्या शेजारी बसून फोनवर दोघांचा फोटो काढला.