पेवा, कमिटी आणि मोगऱ्याचा वास

ईशान, मीरा, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "आजी, ती रिकामी कुंडी टाकून दे." म्हणून आजच लिहिते. ती रिकामी नाही. तीत पेवा आहे.

पेवा मेळघाटच्या ओलसर जंगलात वाढतो. खोड वळसे घेत माणसापेक्षा उंच जातं, पावसाळ्यात पांढरी फुलं येतात. कंद पूर्वीपासून ताप आणि जंतांवर वापरतात. हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं आणि कंद जमिनीखाली विश्रांती घेतो.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी बॉटनीची हेड होते. पेव्याचा वाफा मीच वाढवला होता. नेमकी हिवाळ्यात इन्स्पेक्शन कमिटी येणार होती. आमचे प्राचार्य अकोल्याचे. वाफ्यापाशी येऊन थबकले.

"मॅडम, इथं तं काईच नाई."

"सर, पेवा झोपलाय. जूनमध्ये उठेल."

"कमिटी येऊन राह्यली अन् हा झोपून राह्यला? उठवा त्याले."

उठत नसेल तर वाफा खणून तिथे स्कूटर पार्किंग करायचं, असं त्यांनी बजावलं. कंद जातील या भीतीने मला काही सुचेना. त्यांना सुचलं. राजापेठेतल्या लग्नाच्या डेकोरेशनवाल्याकडून त्यांनी प्लास्टिकची उंच झाडं भाड्याने आणली. ती कंदात खुपसू नका, एवढंच मी सांगितलं. मग ती विटांच्या आधाराने उभी केली.

कमिटीचे अध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी पान हुंगलं.

"पेव्याला मोगऱ्याचा वास?"

डेकोरेशनवाल्याने लग्नासाठी अत्तर फवारलेलं होतं. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "आमच्या मातीचा गुण आहे, सर."

अध्यक्षांनी घरी लावायला एक फांदी मागितली. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले, बोटांनी माती उकरली. कंदावर लालसर डोळा होता. डोळा म्हणजे पुढचा कोंब फुटायची जागा.

"सर, खरा पेवा हा. झोपलाय."

अध्यक्षांनी वाकून बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "झाका, झाका. झोपू द्या." मग अख्खी कमिटी चवड्यांवर चालत तिथून बाहेर पडली. प्राचार्यही.

रिपोर्टमध्ये वाफा जपावा असं आलं. पार्किंग इमारतीच्या मागे गेलं. प्राचार्यांनी वाफ्यावर पाटी लावली: 'पेवा झोपला आहे. हॉर्न वाजवू नये.'

मी एवढंच शिकले: जमिनीखालच्या जिवंत वस्तूवर पाटी लावून ठेवावी. निवृत्त होताना त्यातला एक कंद घरी आणला. तोच तुमच्या रिकाम्या कुंडीत आहे.

वाफ्यावरची ती पाटी गंजली. पेवा आहे.