तुझ्यामुळं काय नाय गो

जोह्याहून रोह्याला जायचं म्हणजे काही परदेशगमन नव्हे. पेणला यायचं, एसटी पकडायची, गडब, नागोठणे करत पोचायचं. तरी नोकरीसाठी निघाले त्या सकाळी बाबांनी माझी बॅग अशी उचलली होती, जणू मी परत येणारच नाही. आई खोलीला आतून कडी लावून बसली होती. "तिला त्रास होईल असं काय करू नको गो," हे बाबांचं माझ्या लहानपणापासूनचं वाक्य. त्या दिवशी ते बोलले नाहीत, पण एसटीत मला तेच ऐकू येत होतं.

आमच्यासारखं ज्यांचं घर आहे, त्यांना फार सांगावं लागणार नाही. आईला स्किझोफ्रेनिया आहे. हा शब्द मला रोह्यात कळला. गावात 'तिचं डोकं फिरतं' एवढंच होतं. आईला गणपतीचे डोळे सोसत नसत. ते आपल्याकडे रोखून बघतात, काहीबाही बोलतात, असं तिला वाटायचं. आता जोह्यात, जिथे घरटी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, तिथे बाईने जायचं कुठे? बाबा मूर्ती रंगवायचे, पण घरी काम आणलं तर डोळ्यांची आखणी न झालेलंच आणायचे. चौथीत असताना मी कारखान्यात एका छोट्या गणपतीचे डोळे स्वतः काढले आणि मोठ्या हौसेने आईला दाखवायला घरी नेला. त्याच संध्याकाळी आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. मला कोणी काही बोललं नाही. मग मीच स्वतःला बोलत राहिले. शाळेत, कॉलेजात, अगदी कंपनीच्या लॅबमध्येसुद्धा.

लॅबमध्ये एक रीडिंग चुकलं तरी मला जेवण जायचं नाही. शेवटी रूममेटने ओढत काउन्सेलरकडे नेलं. त्या बाई फार कमी बोलायच्या, आणि आधी मला त्याचाच राग यायचा. एकदा त्यांनी विचारलं, "आज तशीच एखादी मुलगी गणपती घेऊन तुमच्यासमोर आली, तर तिला काय म्हणाल?"

मी म्हटलं, "बघू गो. बुबुळ जरा मोठं झालंय, पण छान काढलंस." आणि मला रडू फुटलं. त्या पोरीचा मला रागच येत नव्हता.

त्याच आठवड्यात बाबांना फोन केला आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. ते म्हणाले, "येडी का काय तू? तू व्हायच्या आधीपासून आजारी हाय ती. तुझ्यामुळं काय नाय गो."

म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. आई गोळ्या घेते, कधी थुंकून टाकते. परवाच्या रविवारी गेले तर तिचा दिवस वाईट होता. माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. पूर्वी अशा वेळी मी शिफ्ट बुडवून थांबले असते आणि स्वतःला खात बसले असते. या वेळी तिच्याजवळ बसले, भाकऱ्या थापल्या आणि बाबांना सांगितलं, "निघते. पुढच्या रविवारी येते." आईने भिंतीकडे तोंड केलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी निघाले.

घर म्हणजे मला वर्षानुवर्षं अशी जागा वाटायची, जिथे आपण श्वाससुद्धा जपून घ्यायचा. रोह्याच्या भाड्याच्या खोलीतही मी तशीच राहत होते. परवा कुलूप उघडलं, पाय धुतले, भात टाकला. खोलीत कोणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "दमलीस गो आज. बस जरा. भात झाला की जेवू."

आणि बसले.